सोळा अँपिअरचा वीजमापक आणि माझं एकटीचं घर

"फ्रीजला लावायला छोटं मीटर हवंय," असं मी इंदूरच्या महाराणी रोडवरच्या पहिल्या दुकानात म्हटलं, तर काउंटरवरच्या मुलानं माझ्यासमोर स्टॅबिलायझर ठेवला. दुसऱ्या दुकानात मल्टिमीटर निघाला. तिसऱ्यात मालक स्वतः पुढे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आंटी, किराएदार पे डाउट है क्या?" म्हटलं, भाडेकरू नाही हो, घरात मी एकटीच असते. मग डाउट कोणावर, हे त्यांना काही कळेना.

डाउट माझ्यावरच होता. डिसेंबरचं बिल १३१ युनिटचं आलं होतं. ना कूलर चालू, ना एसी, पंखेसुद्धा बंद. रात्री साडेनऊला माझे दिवे मालवतात. सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे बेरीज जुळली नाही की डोळा लागत नाही. म्हणून ही खरेदी. साडेचार महिने वापरून झाली, आता लिहायला हरकत नाही.

वस्तू साधी आहे. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी पांढरी डबी. मागचे पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायचे, पुढच्या भोकांत आपल्या यंत्राचा प्लग. मधल्या काचेवर त्या क्षणाचे वॉट दिसतात आणि बटण दाबत गेलं की व्होल्टेज, किती तास चालू आहे, एकूण किती युनिट झाले, असं सगळं. ११५० रुपये. दुकानदारानं मला आधी सहा अँपिअरचा नग दिला. घरी आल्यावर कळलं, गिझरचा जाड पिनांचा प्लग त्यात जातच नाही. परत गेले तर, "बिल तो कच्चा है, आंटी." वर दोनशे रुपये भरून सोळाचा घेतला. पक्कं बिल मागून घ्या, माझ्यासारखं करू नका.

पहिली पाळी अर्थातच फ्रीजची. माझा फ्रीज २००९ सालचा, २६० लिटरचा, दोन दारांचा. तेव्हा घरात आम्ही तिघं होतो आणि मुलाच्या मित्रांची वर्दळ. आज त्यात काय असतं? दुधाची एक पिशवी, वाटीभर वरण, लोणच्याची बरणी, कोथिंबिरीची जुडी, डोळ्यांत घालायचे थेंब. एप्रिलमध्ये चोवीस तासांचा आकडा आला १.३ युनिट. मग साफसफाईच्या निमित्तानं तो पूर्ण रिकामा केला आणि तसाच एक दिवस चालवला. १.२ युनिट! म्हणजे माझा सगळा संसार थंड ठेवायला दिवसाला ०.१ युनिट लागतो, आणि उरलेला १.२ युनिट फ्रीज स्वतःचं पोट थंड ठेवायला खातो. त्याच महिन्यात पुतणीच्या घरी रंगकाम निघालं म्हणून ती, जावई आणि त्यांची मुलगी चार दिवस माझ्याकडे होती. फ्रीजमध्ये आमरस, श्रीखंड, बाटल्या, कणीक, दार लागेना. आकडा १.५. माणशी ०.४ सुद्धा नाही. (त्या चार दिवसांत विजयनगरला त्यांचा स्वतःचा फ्रीज रिकाम्या घरात चालूच होता, हे मला नंतर सुचलं.)

गिझरचंही तसंच. पंधरा लिटरची टाकी. जानेवारीत पहाटेचं पाणी तापवायला पाऊण युनिट जातो. मी त्यातलं निम्मं वापरते, उरलेलं टाकीतच निवत बसतं. संक्रांतीला हीच मंडळी राहायला होती, तेव्हा चौघांच्या आंघोळी एकापाठोपाठ एक झाल्या, एकूण १.९ युनिट. आमच्या सासूबाई बंबाच्या काळात "पाणी तापलंय तोवर उरकून घ्या" म्हणून ओरडायच्या, त्याला त्या ऊर्जाबचत म्हणत नसत एवढंच.

गिझरचं सॉकेट छताजवळ आहे. स्टुलावर चढायचं माझं वय नाही, म्हणून वायरमनला बोलावून मापक लावून घेतला. काचेला आतून उजेड नाही, हा या वस्तूचा मोठा दोष. मोबाइल हात उंच करून धरायचा, फोटो काढायचा आणि मोठा करून वाचायचा. त्याहून मोठा दोष हा की लाइट गेली की साठवलेले युनिट कधी राहतात, कधी पुसले जातात. आतला सेल माझ्या नगात मुळातच मेलेला असावा. फेब्रुवारीतले दोन दिवसांचे आकडे असे वाया गेले, तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ कालनिर्णयच्या चौकोनात आकडा लिहून ठेवते. पंख्यांना आणि दिव्यांना हा लावता येत नाही, त्यांना प्लगच नसतो. एसीला लावू नका, असं वायरमननं बजावलं, मी ऐकलं.

बाकी उपकरणं पटापट सांगते. राउटर आठ वॉट, पण चोवीस तास, म्हणजे दिवसाला ०.२ युनिट. सेटटॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही जवळजवळ तेवढाच. इन्व्हर्टरनं मात्र चकित केलं, लाइट न जाताही रोजचे ०.४. आरओ फारच थोडी वीज खातो, पण त्यातून जे पाणी मोरीत जातं ते नर्मदेचं असतं, जलूदहून सत्तर किलोमीटर, पंपांनी डोंगर चढवून इंदूरला आणलेलं. त्या पंपांच्या विजेसाठीच महापालिकेनं २०२३ साली ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी उभे केले, जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प करायला. तेव्हापासून आरओचं सांडपाणी मी लादी पुसायला वापरते. हे मापकात दिसत नाही, पण लिहून टाकलं.

आता खरी गंमत. मार्चमध्ये मी अकरा दिवस पुण्याला होते. फ्रीज चालू ठेवला होता (तूप, लोणची, डोळ्यांचे थेंब), राउटर आणि सेटटॉप बंद करायचं लक्षातच आलं नाही. परत आल्यावर आधी बाहेरचं मीटर वाचलं, मग कुलूप काढलं. २२ युनिट पुढे गेलं होतं. डबीनं एकेक मोजलेले आकडे, इन्व्हर्टरचा धरून, जोडले तर दिवसाला साधारण दोन युनिट येतात, अकरा दिवसांचे बावीस. बेरीज जुळली! शाळेत असते तर फळ्यावर लिहून दोन रेघा मारल्या असत्या. पण मग बसून विचार केला. दिवसाला दोन म्हणजे महिन्याला साठ. डिसेंबरच्या १३१ युनिटांपैकी निम्म्याच्या आसपास विजेशी माझा काही संबंधच नव्हता. ती घराची होती. मी असले काय, नसले काय, घर तेवढं खाणारच.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खंडव्याकडच्या सिंगाजी औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जळतो, त्यातून ही वीज येते. साठ युनिट, बारा महिने, गुणिले ०.७: वर्षाला पाचशे किलोच्या वर. कुलूप लावलेल्या घराचे.

इथे मला १९९१ आठवलं. त्या वर्षी जनगणनेच्या कामावर आम्हा शिक्षकांना जुंपलं होतं. कुटुंब कशाला म्हणायचं हे शिकवताना अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं, नातं बघू नका, स्वयंपाक एक आहे का ते बघा. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. रामबागेतल्या या घरात तेव्हा एका चुलीवर नऊ माणसं जेवत होती. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमचा मुलगा. सासरे बिलं तारेत खोवून ठेवायचे, ती तार अजून माळ्यावर आहे. मे १९९१: २१४ युनिट. एक फ्रीज, एक कूलर, चार पंखे, एक टीव्ही. माणशी चोवीस युनिटसुद्धा नाहीत.

आज आमच्यात किती माणसं आहेत? सासू-सासरे गेले, २०२० मध्ये हेही गेले. सून आली, जावई आला, नात आली. तीन वजा, तीन अधिक, पुन्हा नऊच. पण घरं पाच. मी इथे. दीर-जाऊ सुदामानगरला. पुतणी, जावई आणि त्यांची मुलगी विजयनगरला. पुतण्या पुण्यात एकटा. मुलगा-सून बंगळुरूला. म्हणजे चौतीस वर्षांत आमची लोकसंख्या एकानंही वाढली नाही, आणि फ्रीज एकाचे सहा झाले. पाच घरांत सहा कसे, ते पुढे सांगते.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सगळ्यांकडून मेची बिलं मागवली. सून म्हणाली, "आई, आयकर खात्यात लागलात का?" माझे १६८, दिरांचे २४०, पुण्याचे १९०, बंगळुरूचे १५०, आणि विजयनगरचे ४१०, तिथे दोन एसी आहेत. एकूण ११५८. यातला मोठा भाग सुबत्तेचा आहे, हे मलाही कळतं. १९९१ मध्ये आम्ही उकाड्यात गच्चीवर झोपायचो, ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण सुबत्ता बाजूला काढून ठेवा. फक्त घर जिवंत ठेवायची वीज, फ्रीज, राउटर, सेटटॉप वगैरे, घरामागे पन्नास धरली तरी पाच घरांची अडीचशे होते. नऊ माणसं कूलर लावून, स्वयंपाक करून, इस्त्री करून, टीव्ही बघून जेवढी वीज जाळायची, त्याहून जास्त आता पाच घरं नुसती उभी राहायला जाळतात.

देशाचंही तेच चाललंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ साली सरासरी घर ४.८ माणसांचं होतं, २०१९-२१ मध्ये ४.४. दिसायला किरकोळ. पण हजार माणसांना आधी २०८ घरं पुरायची, आता २२७ लागतात. एकही माणूस न वाढता एकोणीस फ्रीज जास्त. लोकसंख्या किती वाढली यावर सगळे बोलतात, घरं किती वाढली हे कोणी विचारत नाही.

पुण्याच्या पुतण्यानं, वय छत्तीस, अविवाहित, यावर ग्रुपवर एक संशोधन टाकलं. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जिआंगुओ लिऊ यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं होतं की माणसांपेक्षा घरं वेगानं वाढतात. मग २००७ मध्ये युनिस यू यांच्याबरोबर त्यांनी अमेरिकेतल्या घटस्फोटांचा हिशोब मांडला. एका घराची दोन घरं झाल्यामुळे २००५ या एका वर्षात तिथे ७३ अब्ज युनिट वीज जास्त लागली. खाली पुतण्यानं लिहिलं, "काकू, म्हणून मी लग्नाची जोखीमच घेत नाही." जावेचं उत्तर मिनिटात आलं: "लग्न कर आणि मोडू नकोस. माणशी निम्मा फ्रीज."

गॅसचाही हिशोब करून पाहिला, त्याला मापक लागत नाही. नऊ माणसांत १४.२ किलोची टाकी बावीस दिवस जायची. मला ती साडेतीन महिने पुरते आणि सगळे म्हणतात, किती काटकसरी. माणशी काढा: तेव्हा दिवसाला ७२ ग्रॅम, आता १३५. एकटीसाठी कुकर लावला तरी शिट्ट्या तीनच होतात. एक किलो गॅस जळला की तीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. काटकसर कसली, जवळजवळ दुप्पट.

सरकारही मीटर मोजतं, डोकी नाही. आमच्याकडे मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याला दीडशे युनिटांच्या आत राहिलात तर पहिल्या शंभर युनिटांचे शंभर रुपये. डिसेंबरात मी त्यात बसले, मे महिन्यात अठरा युनिटांनी हुकले. पण बघा, एकटी असून मला सवलत मिळते. आमच्याच गल्लीच्या टोकाला सहा माणसांचं एकत्र घर आहे, ते माणशी पन्नास युनिट वापरतात, बिल तीनशे युनिटचं येतं आणि सवलत शून्य. त्यांनी उद्या वरच्या मजल्याला वेगळं मीटर घेतलं तर दोन्ही मजले सवलतीत. पूर्वी भावाभावांत बिनसलं की चूल वेगळी व्हायची. आता बिनसावंही लागत नाही, मीटर वेगळं घेणं परवडतं. गरिबाला स्वस्त वीज मिळावी, ती मिळायलाच हवी. पण एकत्र राहणाऱ्याला दंड आणि वेगळं होणाऱ्याला बक्षीस, हे गणित मांडलं कोणी?

चांदण्यांचंही तेच. फ्रीजवर जे तारे चिकटवलेले असतात ते त्याच्या आकाराच्या मानानं दिलेले असतात. माझा २००९ चा चार तारे मिरवतो. घरात किती माणसं, हे ताऱ्यांना ठाऊक नसतं. पाच ताऱ्यांचा मोठा फ्रीज तीन ताऱ्यांच्या छोट्याहून जास्त वीज खाऊ शकतो. तारे सोडा, त्याच लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, तो आकडा वाचा.

मग मी छोटा फ्रीज घेतला का? नाही. दुकानात जाऊन १८० लिटरचा बघून आले. विक्रेता जुन्याचे पैसे द्यायला तयार होता. म्हटलं, माझा जुना पुढे कुठे जाईल? म्हणाला, "चालू है मैडम, किसी के काम आएगा." म्हणजे तो १.३ युनिट खातच राहणार, फक्त दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. जुना फ्रीज मरत नाही, बिऱ्हाड बदलतो. तेव्हा तो मरेपर्यंत माझ्याकडेच राहू दे असं ठरवलं. तरीही रोज सकाळी त्याचं दार उघडलं की लाज वाटते, ते वेगळं.

दुसरा प्रयोग सपशेल फसला. आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या आम्ही तिघी. तिघींचे तीन अर्धे रिकामे फ्रीज. मी सुचवलं, उन्हाळा सोडून निदान दोन फ्रीज बंद ठेवू, एकीचा वापरू. समोरच्या काकूंनी ऐकून घेतलं, पोहे दिले, आणि म्हणाल्या, "तुमच्यात अंडी असतात ना?" दुसरीनं विचारलं, "रात्री अकराला दही लागलं तर?" मला उत्तर नव्हतं. घरं एकमेकांना टेकून उभी आहेत, पण दह्याला रात्री अकरानंतर दार वाजवायचं नसतं.

जमलं ते एवढंच. सेटटॉप आणि राउटर रात्री भिंतीच्या बटणानं बंद. इन्व्हर्टर उन्हाळा संपल्यावर काढून टाकायचा विचार आहे, वायरमनच्या मते बॅटरी खराब होईल, बघू. गिझरऐवजी हिवाळ्यात अर्धी बादली गॅसवर की किटलीत, हे अजून मोजायचं आहे.

वस्तूला पाचापैकी साडेतीन. अर्धा गुण उजेड नाही म्हणून, एक गुण लाइट गेल्यावर आकडे विसरते म्हणून कापला. किंमत वसूल झाली. एकत्र कुटुंबानं घ्यायची तेवढी गरज नाही. एकटे किंवा दोघंच राहत असाल, आणि फ्रीज मुलं घरी होती तेव्हाचा असेल, तर जरूर घ्या. सोळा अँपिअरचाच घ्या.

सध्या मापक सुदामानगरला आहे. जावेकडे नवा फ्रीज आल्यावर जुना व्हरांड्यात गेला, त्यात फक्त पाण्याच्या बाटल्या असतात. हाच तो सहावा. परवा मी स्वतः जाऊन मापक त्याला लावला आणि दोन दिवसांनी फोन करून आकडा विचारला. ४.४, म्हणजे रोजचे २.२ युनिट, आठ बाटल्यांसाठी. फोनवर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग मागून दिरांचा आवाज आला, "वहिनी, तुमचा मापक बिघडलाय."